ठरावापासून ओंजळीपर्यंत : महाडच्या आठवणी

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात २० मार्च १९२७ या दिवसाला अढळ स्थान आहे. या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागून हजारो अस्पृश्य बांधवांनी ते प्राशन केले. शालेय पुस्तकांतून हा प्रसंग सर्वांना परिचित आहे. परंतु त्या दिवसाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही आणि ज्यांच्या हाती गावचा कारभार आहे, त्यांनी नेमकी तीच ध्यानात ठेवावयास हवी. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्या लोकांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. तळे त्यांना खुले असल्याचा ठराव दप्तरी पडून होता. दप्तरातील ठराव आणि माणसाच्या ओंजळीतील पाणी यांमध्ये केवढे अंतर असू शकते, हे महाडने दाखविले. या अंतराची नोंद सरकारी कागदपत्रांत फारशी सापडत नाही. ती सापडते माणसांच्या आठवणींत.

मसूरच्या स्थानकावरील मुले

यांपैकी एक आठवण स्वतः डॉ. आंबेडकरांची आहे. ती त्यांनी १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहिली आणि त्यांच्या निधनानंतर ती प्रसिद्ध झाली. सुमारे १९०१ सालची ही हकीकत. त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते आणि मुले साताऱ्यास राहत होती. सुटीत वडिलांकडे जावयाचे ठरले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून भीमराव, त्यांचे बंधू आणि दोन भाचे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे त्यांना नेण्यास कोणीही आले नव्हते.

मुलांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले महार असल्याचे कळताच त्यांची मुद्रा बदलली. स्थानकाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, परंतु एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावयाचे, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावयाचे, अशा अटीवर एक गाडी मिळाली. बरोबर खाण्याचे पदार्थ पुष्कळ होते, पाणी मात्र नव्हते. वाटेतील पाणी चिखलाने आणि जनावरांच्या शेणाने इतके घाण झालेले होते की ते पिणे अशक्य होते. रात्री नाक्यावरच्या जकातदाराकडे आपण मुसलमान आहोत अशी बतावणी करून मुलांनी पाणी मागितले, पण तेथेही ते मिळाले नाही. शिदोरी उशाशी असताना ती मुले उपाशीच झोपली, कारण पाण्यावाचून घास गिळता येत नाही.

या हकीकतीत मारहाण नाही की शिवीगाळ नाही. पाणी नाकारणाऱ्या कोणाच्याही मनात त्या मुलांविषयी वैर नव्हते. रूढीचे बळ नेमके येथेच दिसते. ती सामान्य, एरवी सुस्वभावी माणसाकडूनही निर्दयपणा करवून घेते आणि त्याचे त्याला काही वाटूही देत नाही. याच आठवणींत शाळेतील पाण्याचाही उल्लेख आहे. अस्पृश्य विद्यार्थ्याने नळाला हात लावावयाचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यावयाचे असा दंडक होता. शिपाई नसला तर तहान तशीच राहावयाची.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

पुढे दोन दशकांनी कायदेमंडळात या प्रश्नाला वाचा फुटली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. सरकारने तो अमलात आणण्याच्या सूचना खात्यांना दिल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांस खुले केले.

कागदोपत्री काम येथे पूर्ण झाले होते. पण तळ्यावर तीन वर्षे काहीच घडले नाही. अन्य धर्मांचे लोक तेथे पाणी भरत, जनावरेही पाणी पीत, अस्पृश्यांना मात्र तेथे जाण्याची सोय नव्हती. ठराव रद्द झाला नव्हता, त्याला उघड विरोधही झाला नव्हता. तो अमलात आणणे हे कोणाही एका माणसाचे काम ठरलेले नव्हते, म्हणून तो दप्तरात राहिला.

महाड परिसरातील रामचंद्र बाबाजी मोरे यांना हे अंतर लहानपणापासून ठाऊक होते. १९०३ साली जन्मलेल्या मोरे यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले, परंतु पुढील शिक्षणासाठी महाडच्या शाळेत गेले असता त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या अल्पवयीन मुलाने वृत्तपत्राकडे पत्र धाडून दाद मागितली. मग शाळेचे दार उघडले, पण इतर मुलांपासून दूर बसण्याच्या अटीवर. हेच मोरे पुढे १९२७ च्या महाड परिषदेचे एक प्रमुख संघटक झाले. त्यांचे आत्मकथन अपूर्ण राहिले. तरी परिषदेमागे किती पायपीट, किती गावबैठका आणि किती सामान्य माणसांचे श्रम होते, हे त्यावरून कळते.

चाळीस रुपयांचे पाणी

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. खेड्यापाड्यांतून लोक भाकरी बांधून पायी आले. परिषदेच्या हिशेबातील एक रक्कम साऱ्या भाषणांहून बोलकी आहे. जमलेल्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावाचे तळे नगरपालिकेच्या ठरावाने त्यांनाही खुले होते, त्याच गावात ही वेळ आली.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून सर्वजण मिरवणुकीने, शिस्तीने तळ्याकडे निघाले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा या कार्यास पाठिंबा होता. चित्रे व टिपणीस हे दोघेही अस्पृश्य समाजातील नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी पिऊन लोक शांतपणे परतले. थोड्याच वेळात अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी आवई उठली आणि जेवणासाठी मंडपात जमलेल्या व वाटेने परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. अनेक जण जखमी झाले. डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना प्रतिहल्ला करू दिला नाही. संख्येने मोठ्या असलेल्या आणि क्षुब्ध झालेल्या जमावाने तो संयम पाळला. पुढे काही हल्लेखोरांना न्यायालयात शिक्षाही झाली. पण गावोगावी परतलेल्या माणसांना जो छळ सोसावा लागला, त्याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात आलेला नाही.

यानंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात पाण्यात रिकाम्या करण्यात आल्या. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे होत असताना, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कोणीही पाणी पीत नव्हते तोवर तो ठराव कोणासही खुपला नव्हता. लोक पाणी पिऊ लागताच तो असह्य झाला.

दहा वर्षांचा निकाल

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा परिषद भरली. जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करण्यासाठी हजारो स्वयंसेवकांनी नावे नोंदविली होती. परंतु तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा दाखल होऊन न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह स्थगित ठेवला आणि लढा न्यायालयात नेला. घरदार सोडून आलेल्या, तुरुंगात जाण्यास सिद्ध असलेल्या माणसांना माघारी जावयास सांगणे सोपे नव्हते. लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली आणि पाण्यास न शिवता ते परतले.

याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जड कथलाचे दागिने टाकावेत, मुलींना शाळेत घालावे, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगोलग बदलली. चळवळीतील स्त्रियांच्या अशा आठवणी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात १९८९ मध्ये प्रसिद्ध केल्या. तोवर या स्त्रियांना त्यांचा अनुभव विचारण्यास फारसे कोणी गेले नव्हते.

न्यायालयीन लढा खालच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत चालला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आलेली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ओंजळीपासून या दिवसापर्यंत दहा वर्षांना अवघे तीन दिवस कमी होते.

आठवणींचे मोल

२६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट व रस्ते यांच्या वापराबाबत भेदभाव करण्यास मनाई आहे. हा मजकूर वाचताना महाडचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमात १९७६ मध्ये सुधारणा झाली आणि त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. या कायद्याखालील अपराधाच्या तपासात जाणूनबुजून हयगय करणारा लोकसेवक अपराधास साहाय्य करणारा मानला जातो. ठराव दप्तरात निजू नये यासाठीच ही तरतूद आहे. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदाही संमत झाला.

कायदे झाले, तरी अंतर एकाएकी मिटले नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले. बेबीताई कांबळे यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिलेले ‘जिणं आमुचं’ त्यानंतर प्रकाशात आले. या पुस्तकांनी मराठी वाचकाला त्याच्याच गावाची न पाहिलेली बाजू दाखविली. काही वाचकांना हे लेखन कटू वाटले. परंतु दुखणे कोठे आहे हे सांगणाऱ्यावर वैद्याने रागावून चालत नाही.

ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात नळयोजना पूर्ण झाल्याची नोंद असते. नळ कोणत्या वस्तीत शेवटी पोहोचला, उन्हाळ्यात कोणाच्या दारचे पाणी आधी आटते, विहिरीवर कोणी थांबून राहावयाचे, हे त्या नोंदीत नसते. शाळेच्या हजेरीपटावर सर्व मुलांची नावे एकाखाली एक असतात. मधल्या सुटीत ती मुले एका पंगतीस बसतात किंवा नाही, हे हजेरीपट सांगत नाही. ते पाहण्यासाठी स्वतः जावे लागते, आणि ज्यांनी सोसले त्यांना विचारावे लागते.

प्रत्येक गावात जुना पाणवठा आहे आणि तेथील जुने दंडक आठवणारी काही वृद्ध माणसे अजून आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याकडे जावे, विशेषतः वृद्ध स्त्रियांकडे जावे, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. पंचायत सदस्यांनी ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. ऐकताना कोणाची मान खाली जाईल, कोणाला राग येईल. तरीही ते वाचावे. मसूरच्या स्थानकावर मुलांना गाडी नाकारणारे लोकही आपापल्या गावात भलेच समजले जात असतील. आपल्या गावात कोण तहानलेले राहते हे त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही ते कोणाला विचारले नव्हते.

येत्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल, तेव्हा ठराव लिहून झाल्यावर वही मिटण्यापूर्वी एवढा एक प्रश्न विचारला जावा, हीच महाडच्या त्या माणसांची आजच्या कारभाऱ्यांकडून अपेक्षा असेल.