शाळेआधीची शाळा

लहान मुलाला शाळेसाठी तयार करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर बेंगळुरू शहरात ज्याला त्याला ठाऊक असल्यासारखे वाटते. चार वर्षांच्या मुलाने इंग्रजी मुळाक्षरे क्रमाने लिहिली, शंभरापर्यंत अंक म्हटले आणि पाहुण्यांसमोर दोन इंग्रजी गाणी म्हणून दाखविली की ते तयार झाले, असे बहुतेक पालक मानतात. उलट, गल्लीतल्या अंगणवाडीत मुले गाणी म्हणतात, मण्यांशी खेळतात, जेवतात आणि घरी जातात. तेव्हा तेथे ‘काही शिकवीत नाहीत’ असे तीच माणसे म्हणतात. या दोन्ही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण घरातला पैसा कोठे जावयाचा आणि मुलाचा सबंध सकाळचा वेळ कसा जावयाचा, हे त्यांवरूनच ठरते.

फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने 1837 साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 साली तिला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले, तेव्हा त्यात पुस्तक नव्हते. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी आणि खरोखरीचे वाफे होते. मराठी मुलुखात ही कल्पना खेड्यात रुजविली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांचे काम सुरू झाले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. उपेक्षित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. साधने विकत आणावयास पैसा नव्हता, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती ही साधने झाली. मुलाच्या विकासाला महागडे साहित्य लागते या भ्रमाचे निरसन तेथेच झाले होते. शहरांना मात्र ते अजून पटलेले दिसत नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. त्यांत कर्नाटकातील टी. नरसीपूर हा एक होता. अंगणवाडी हा शब्द तेव्हापासून देशभर सर्वतोमुखी झाला.

आता तयारीचा विचार हातापासून करू. जन्मतः मनगटातील आठही लहान हाडे कूर्चेच्या रूपात असतात. ती एकामागून एक घट्ट होत जावयास बालपणाची पुष्कळ वर्षे लागतात. चौथ्या वर्षी ओळीत नेटके अक्षर काढण्याची सक्ती झाली की मूल पेन्सिल मुठीत आवळते, बोटे दुखतात आणि लिहिणे ही शिक्षा आहे असा त्याचा पक्का ग्रह होतो. अंगणवाडीत मणी ओवणे, चिंचोके निवडणे, कणकेचे गोळे वळणे, कागद फाडून चिकटविणे, वाळूवर बोटाने गिरवणे ही जी कामे दिसतात, ती वेळ घालविण्यासाठी नसतात. त्यांतून बोटांना पकड येते आणि डोळा व हात यांचा मेळ बसतो. कन्नड लिपी तर गोलाव्यांची. देवनागरीप्रमाणे तिला शिरोरेषेचा आधार नाही. ज्या मुलाने रांगोळीची वळणे आणि वर्तुळे मनमुराद काढली आहेत, त्याला ती लिपी परकी वाटत नाही.

अंकांची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘मला चार चिंचोके दे’ असे सांगून पाहावे. ते पुष्कळदा मूठभर चिंचोके आणून देते. अंकांची नावे त्याला गाण्यासारखी पाठ असतात. परंतु एका वस्तूला एकच नाव द्यावयाचे आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नसते. पंगतीत प्रत्येकापुढे एक ताटली, प्रत्येक ताटलीत एक अंडे असे वाटताना ते उमगते. ताटली उरली तर मूल कमी आले, अंडे कमी पडले तर कोणाला तरी मिळाले नाही, हे गणित मूल जिवाच्या कळकळीने करते. अशा मुलाला पहिलीतली बेरीज नवी वाटत नाही. केवळ अंक पाठ केलेल्याला ती नवीच नव्हे, तर अगम्य वाटते.

परंतु बेंगळुरूत सर्वांत अवघड प्रश्न भाषेचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. या शहरात एकाच अंगणवाडीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसलेली आढळतात. त्यांत मराठी मूलही असते. 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे या शहराशी मराठीचा संबंध जडला. भावसार, नामदेव शिंपी आणि मराठा समाजांची कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्या घरी बोलली जाणारी मराठी पुण्याच्या माणसाला चटकन कळणार नाही इतकी कन्नडात भिजलेली आहे, पण मुलाची मायबोली तीच. नोकरीसाठी अलीकडे आलेल्या कुटुंबांची मराठी वेगळी. अशा घरातले मूल सकाळी आजीशी मराठीत भांडते, अंगणवाडीत कन्नड ऐकते आणि सहाव्या वर्षी बहुधा इंग्रजी शाळेत जाऊन बसते. तेथे ते गप्प राहिले की शिक्षक त्याला मंद समजतात. वस्तुतः त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ज्या भाषेत सांगता येईल ती भाषा वर्गात कोणी विचारीत नाही.

म्हणून काही पालक घरातली मराठी बंद करून तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात. हा उपाय रोगापेक्षा भयंकर होय. मुलाची विचार करण्याची शक्ती ज्या भाषेत वाढते आहे तीच खुंटविली, तर दुसरी भाषा कशावर उभी राहावयाची? गोष्ट ऐकून पुढे काय झाले असेल हे सांगणे, पाहिलेली घटना क्रमाने वर्णन करणे, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या शब्दांचा उपयोग करणे ही कौशल्ये मूल मायबोलीत मिळविते आणि नंतर दुसऱ्या भाषेत घेऊन जाते. आजीने मराठीत सांगितलेली म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट कन्नड शाळेतही उपयोगी पडते ती अशी. ध्वनींची जाणही तशीच. ‘कमळ’ या शब्दावर तीन टाळ्या वाजविणारे, भेंड्यांत शेवटचे अक्षर अचूक पकडणारे मूल शब्द फोडावयास शिकलेले असते; अक्षरांवर उभ्या असलेल्या आपल्या सर्व लिप्यांना हीच पूर्वतयारी लागते. जाणती सेविका मुलाचे मराठी वाक्य ऐकून घेते, हसत नाही, आणि तेच कन्नडात म्हणून दाखविते. मुलाला आपली भाषा टाकावी लागत नाही आणि दुसरी मिळते.

समूहात राहण्याची सवय, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हात धुणे, लघवीला जावयाचे आहे हे परक्या बाईंना सांगता येणे या गोष्टींबद्दल फार सांगावयास नको. मात्र आईपासून काही तास दूर राहण्याचे पहिले रडणे तिसऱ्या वर्षी आटोपले, तर सहाव्या वर्षी वर्गात बसल्यावर मुलाचे मन फळ्याकडे जाऊ शकते, एवढे ध्यानात घ्यावे.

वयाचा प्रश्न मात्र घरोघरी चर्चेचा झाला आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जून रोजी सहा वर्षे पूर्ण हवीत, असा आदेश कर्नाटक शासनाने 2022 साली काढला आणि त्याची अंमलबजावणी 2025-26 या वर्षापर्यंत पुढे ढकलली. ते वर्ष उजाडल्यावर पालकांच्या आग्रहास्तव, पूर्वप्राथमिक शिक्षण पूर्ण केलेल्या मुलांना त्या एका वर्षापुरती पाच वर्षे पाच महिन्यांची सवलत देण्यात आली. पालकांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. तिसरे वर्ष पुरते लागण्यापूर्वीच ज्यांना वर्गात बसविले, त्यांची दोन वर्षे संपली तरी वय भरत नव्हते. पण मुलाला घाई कोणी केली होती, हे या चर्चेत फारसे कोणी विचारले नाही.

घाईचा दोष एकट्या पालकांवर टाकणे न्यायाचे नाही. शेजारच्या शाळेत मोठा गट, लहान गट अशा पाट्या लागल्या की अंगणवाडीतली मुले ओसरतात. जून 2024 मध्ये सरकारी शाळांत असे वर्ग काढण्याच्या निर्णयाविरुद्ध अंगणवाडी सेविकांनी बेंगळुरूत आंदोलन केले, आणि लगेच जुलैमध्ये शहरातील 250 अंगणवाड्यांना सरकारी माँटेसरीचे रूप देण्याची योजना सुरू झाली. पोषण, लसीकरणाच्या नोंदी, गृहभेटी आणि सर्वेक्षणे सांभाळून उरलेल्या वेळात जी बाई मुलांना गोष्ट सांगते, तिला नवी पाटी नव्हे, तर उसंत आणि प्रशिक्षण हवे आहे. ही मागणी मान्य झाल्यावाचून नावे बदलून विशेष काही साधेल असे वाटत नाही.

आणि शाळेच्या तयारीचे काय? प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली आहे. 2021 साली ‘विद्याप्रवेश’ नावाचा तीन महिन्यांचा खेळांवर आधारलेला कार्यक्रम पहिलीच्या आरंभी नेमण्यात आला. त्यामागील दृष्टी योग्य आहे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि शाळा शिक्षण खात्याकडे असल्यामुळे, तीन वर्षे मुलाला ओळखणारी सेविका आणि त्याला प्रथमच पाहणारे शिक्षक यांची गाठ सहसा पडत नाही. जूनपूर्वी सेविकेने मुलांना घेऊन एकदा शाळेत जावे, त्यांना पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि त्यांचा वर्ग दाखवावा, आणि कोणते मूल घरी कोणती भाषा बोलते, कोणाला कमी ऐकू येते, कोण गोष्टीच्या वेळी सर्वांत पुढे सरकून बसते, एवढे पहिलीच्या शिक्षकांच्या कानावर घालावे. याला स्वतंत्र योजनेची गरज नाही. एक सकाळ पुरे.