चिखल, चाक आणि वाफसा



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून विद्वानांनी मोठमोठे विषय मांडले आहेत. त्या परंपरेत मोटारसायकलवरून चिखलात हिंडण्याचा विषय कितपत शोभेल, याची मला शंका होती. चिटणीसांना मी ती बोलूनही दाखविली. ते म्हणाले, "सर, या तालुक्यात पावसाळ्यात एकदाही चिखलात न पडलेला श्रोता तुम्हाला शोधून मिळायचा नाही. विषय सर्वांच्या ओळखीचा आहे." तेव्हा धीर करून उभा राहिलो आहे.

मी शाळेत शास्त्र शिकवतो. माझे तीन मित्र आहेत. एकाचे औषधांचे दुकान आहे, एक बँकेत आहे आणि तिसऱ्याचे गॅरेज आहे. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला कोणते तरी खूळ लागते म्हणतात. आम्हाला हे लागले. रविवारी पहाटे गाड्या काढायच्या, डांबरी रस्ता सोडायचा आणि पाणंदी, गाडीवाटा, ओढ्याचे काठ धुंडाळीत दुपारपर्यंत घरी यायचे. त्यातही पाऊस पडून गेला असेल तर आनंद अधिक.

हे खूळ आम्ही काढलेले नाही, हे आधी सांगतो. रस्ता सोडून मोटारसायकल चालविण्याच्या स्पर्धा युरोपात शंभरावर वर्षे चालू आहेत. 1913 साली इंग्लंडात कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी प्रथम झाली. डोंगर, दलदल, ओढे यांतून ठरलेल्या वेळेत जायचे आणि वाटेत गाडी बिघडली तर स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची, असा तिचा दंडक. आपल्या देशातील हरित नोआ या केरळच्या तरुणाने 2024 च्या जानेवारीत डाकार रॅलीसारख्या अतिशय खडतर शर्यतीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला. परंतु मला या खेळाचा एक दुसराच प्रकार विशेष मोलाचा वाटतो. त्यात वेगाला काही किंमत नाही. दगडाधोंड्यांतून, चिखलातून आखून दिलेल्या वाटेने पाय जमिनीला न टेकविता जायचे. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड. थांबला किंवा पडला तर पाच. परीक्षा तोलाची असते. आमची परीक्षा झाली ती याच विषयात, आणि तीत आम्ही नापास झालो.

ही गोष्ट 2025 च्या सप्टेंबरातली. दोन-तीन दिवस पाऊस धरून होता. शनिवारी रात्री उघडीप झाली आणि रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघे माढ्याहून पूर्वेला, सीनेच्या अंगाला निघालो. डांबर होते तोवर मोठी शान होती. मुरमाड माळावर चाके छान चालली, कारण मुरमातून पाणी खाली निचरते. माळ संपला, उताराला काळे रान लागले आणि शंभर पावलांत आमची शान संपली.

काळी माती म्हणजे काय, हे आपणा सर्वांना पायांनी ठाऊक आहे. शास्त्राने थोडे सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्या काळ्या खडकाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म, एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांसारखे असतात. पाणी त्या पत्र्यांच्या मध्ये शिरते, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणावर आपली रब्बीची ज्वारी पोसते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. तो जमिनीने धरून ठेवला नसता तर हिवाळ्यात कणसे आली नसती. पण जो गुण ज्वारीला तारतो तोच चाकाला मारतो. माती टायरला चिकटते, त्या मातीला माती चिकटते, आणि थोड्याच वेळात टायर व मडगार्ड यांच्यामध्ये असा गोळा बसतो की चाक फिरायचे थांबते. इंजिन ओरडते आहे, क्लचचा वास येतो आहे आणि गाडी जागच्या जागी, असा देखावा होतो.

तसा तो झाला. औषधवाल्या मित्राची गाडी दोनशे किलोच्या घरातली; ती आडवी झाली की उभी करायला तिघे लागत. पाणंदीत बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या आणि त्यांत पाणी साचले होते. बाजूचे रान मात्र कुळवून, सपाट करून ठेवलेले. तिकडे पाहून बँकवाले म्हणाले, "चाकोरी सोडा रे! शेतातून काढू." आम्ही बांधावरून गाड्या घातल्या आणि त्या रानातून पाच-पन्नास पावले गेलो. वर वर सुकलेले ते रान आत ओलेच होते. चाके फिरली, घसरली, मागे खोल घळी पडल्या.

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून एक आजी तरातरा आल्या. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. घळीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आरं बाबांनो, वाट सोडून रानात कशापायी घातल्या गाड्या? वल्ल्या रानात चाक फिरलं की भुई दाबती. मग ढेकळं निघत्यात दगडावानी. पंधरा दिसांनी आमाला ज्वारी पेरायची हाय. वाफसा तरी येऊ द्यायचा."

मी मुलांना मातीची रचना शिकवतो. ओल्या चिकणमातीवर भार पडला की तिच्यातील हवेची छिद्रे मिटतात, ती वाळली की वीटेसारखी होते आणि मुळांना वाट राहत नाही, हे मी फळ्यावर लिहिलेले आहे. ते त्या आजींनी मला दोन वाक्यांत सांगितले, आणि तेही मी त्यांच्याच रानाची नासाडी केल्यावर. आम्ही गाड्या ढकलीत पुन्हा पाणंदीत आणल्या आणि हातांनी, फळकुटाने जमेल तेवढ्या घळी बुजविल्या. आजींनी नंतर आम्हाला प्यायला पाणी दिले. त्यामुळे तर अधिकच लाज वाटली.

श्रोतेहो, 'चाकोरी' हा आपल्या भाषेत थोडा बदनाम झालेला शब्द आहे. बक्षीससमारंभात आम्ही शिक्षक मुलांना सांगतो, चाकोरीबाहेर जा, चाकोरी मोडा. ते खोटे नाही. पण चाकोरी मूळची कशाची? चाकाने पाडलेल्या वाटेची. दहा जणांच्या गाड्यांनी एकाच जागी भुई दाबावी म्हणजे उरलेले रान मोकळे राहील, एवढी साधी सोय तीत आहे. ती सोडून गाडी घालताना आपण कोणाच्या भाकरीवरून जात आहो, हे पाहिले पाहिजे. त्या सकाळी ते आम्ही पाहिले नाही.

पुढे पाणंदीतच रखडलो असताना मागून एका गाडीचा आवाज आला. शंभर सीसीची जुनी मोटारसायकल, पुढचे मडगार्ड काढून टाकलेले, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे दुधाचे कॅन. चालवणारा तिशीतला गडी. दोन्ही पाय खाली सोडून, चाकोरीतून, चालत्या माणसाच्या वेगाने तो आला. मध्येच थांबे, कॅनच्या दोरीत खोवलेले खुरपे काढी, चाकातली माती खरवडी आणि पुन्हा निघे. आमच्याजवळ येऊन म्हणाला, "सर, हवा थोडी कमी करा. आणि चाकाकडं बघू नका, लांब बघा. चाकाकडं बघितलं की गाडी तिकडंच पडती."

पुस्तकांतून आणि चित्रफितींतून जी दोन सूत्रे आम्ही वर्षभर घोकीत होतो ती हीच. हवा कमी केली की टायर अधिक पसरून धरतो. आणि नजर जिथे तिथे गाडी. फरक एवढाच की आम्ही ती खेळासाठी शिकलो होतो. तो बारा महिने, पावसाळ्यात रोज, ऐंशी लिटर दूध घेऊन याच वाटेने जात होता. पाय टेकल्याबद्दल त्याला कोणी दंड करीत नव्हते. पण गाडी आडवी झाली तर दिवसाची मिळकत मातीत जात होती.

पुढे ओढा लागला. सीनेला मिळणारा हा ओढा एरवी कोरडा असतो. त्या दिवशी फरशीवरून गढूळ पाणी वाहत होते. दुधाचे केंद्र पलीकडे, दीडेक किलोमीटरवर. दूधवाल्याने गाडी लावली, पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि शांतपणे दगडावर बसला. आमच्या गॅरेजवाल्या मित्राला राहवेना. त्याची गाडी उंच आणि हात वाकबगार. "गुडघाभर तर पाणी आहे," म्हणून तो निघालाच. दूधवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "सायेब, वरचं पानी दिसतंय. खालची फरशी हाय का गेली, ते दिसतंय का?"

मित्राने गाडी बंद केली.

पाण्याचा हिशेब सांगतो. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. अर्धा फूट पाणीसुद्धा वेगात असेल तर उभ्या माणसाचे पाय सोडवते. गाडी आडवी झाली आणि एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर हवा दाबली जाते तसे ते दाबले जात नाही; पिस्टनचा दांडा वाकतो. हे सारे मला ठाऊक होते. माझ्या गॅरेजवाल्या मित्राला माझ्याहून चांगले ठाऊक होते. तरीही चौघांत एकाने त्याला अडवले नाही. रविवारची मौज पुरी व्हावी, यापलीकडे पलीकडे जाण्याचे आम्हाला काही कारण नव्हते. ज्याला कारण होते, ज्याचे दूध घटकेघटकेला नासत होते, तो मात्र काठी रोवून बसला होता.

तासाभराने पाणी काठीच्या वर चढले. तो उठला आणि म्हणाला, "चला मागं." मागे म्हणजे पुन्हा तीच पाणंद आणि मग डांबरी रस्त्याने वळसा घालून माढा. आम्ही पुढे होऊन त्याची गाडी अवघड जागी धरली, एक कॅन आमच्या गाडीवर घेतला. गावात पोहोचेपर्यंत संकलनाची वेळ टळून गेली होती. थोडे दूध घरोघरी खपले, उरलेले नासले. त्याने कोणाला दोष दिला नाही. "पावसाळ्यात दोन-चार दिस असं व्हतंच," एवढेच म्हणाला.

त्याच महिन्याच्या अखेरीस सीनेला जो महापूर आला तो आपण सर्वांनी पाहिला. दारफळसारख्या गावांना पाण्याने वेढले, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, काठची माती खरवडून गेली. पूर ओसरल्यावर आम्ही औषधे घेऊन त्या बाजूस गेलो. ओढ्यावरची फरशी उखडली होती. दूधवाला भेटला, कॅन डोक्यावर घेऊन चालत होता. आजींच्या रानात आमच्या चाकांच्या घळी राहिल्या नव्हत्या. वरची मातीच राहिली नव्हती.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी एवढे पाल्हाळ लावले, ती सांगतो. आम्हाला जी वाट रविवारी साहस वाटली, ती आपल्या तालुक्यातील कित्येक वस्त्यांची रोजची वाट आहे. शाळेत माझ्यापुढे बसलेली मुले तिने येतात. बाळंतीण तिने दवाखान्यात न्यावी लागते. या वाटांसाठी कायदा नाही असे नाही. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली अडविलेली वहिवाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. अर्ज मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत केला पाहिजे. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 143 व्या कलमाने बांधावरून वाट मिळू शकते. पण कायदा कागदावरचा मुरूम आहे. तो पाणंदीत पडायचा तर शेजाऱ्याशेजाऱ्यांनी बांध एक-एक हात मागे घ्यावा लागतो. बांधासाठी भाऊ भावाला कोर्टात नेतो, आणि पावसाळ्यात दोघेही त्याच चिखलात रुततात.

गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान एवढे करता येईल. कोणाची पाणंद अडली असेल तर अर्ज लिहून द्यावा. तो लिहिण्याइतके आपण शिकलेले आहो. त्या ओढ्याच्या फरशीसाठी आम्ही चौघांनी वस्तीवरच्या मंडळींसह अर्ज दिला आहे. त्यावर आजींचा अंगठा पहिला आहे.

आम्ही फिरणे सोडलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मात्र आता एक नियम पाळतो. निघण्यापूर्वी गॅरेजवाला मित्र कडेच्या रानातली मूठभर माती उचलतो, मुठीत दाबतो आणि खाली सोडतो. गोळा तसाच राहिला तर आम्ही माळावरच्या मुरमाने जातो, नाही तर घरी बसतो. तो फुटून भुसभुशीत झाला, म्हणजे वाफसा आला असे समजून पाणंदीत उतरतो, आणि तेथेही चाकोरी सोडीत नाही. चौघांच्याही गाडीला आता एकेक खुरपे बांधलेले असते.