बाकीचे मोल



भागाकार करताना शेवटी शून्य आले की मुलाचा चेहरा खुलतो. काही उरले की ते मान वर करून विचारते, ‘चुकले का?’ या शाळेच्या वर्गांतून साठ वर्षे हा प्रश्न उमटत आला असेल. बाकी म्हणजे अपयश, ही समजूत पुष्कळदा घरूनच येते. वस्तुतः बाकी भाजकाहून लहान असावी, एवढीच अट. तिचे खरे मोल जाणण्यासाठी जयपूरकडे वळावे लागते.

जंतरमंतरमधले सम्राटयंत्र पाहून मराठी प्रवासी परततात. पण सवाई जयसिंगांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे परंपरेनुसार महाराष्ट्रातून तिकडे गेलेले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. नसीरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या अरबी पाठावरून त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. तो पंधरा अध्यायांचा ग्रंथ ‘रेखागणित’. पुढे १९०१-०२ मध्ये कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली तो मुंबईत छापला गेला. ग्रंथारंभी हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितल्याचे म्हटले आहे. युक्लिडचे नाव तिथे असते तर अधिक बरे झाले असते.

नाव रेखागणित असले तरी सातव्या ते नवव्या अध्यायांत संख्यांचेच राज्य आहे, आणि सातव्याच्या आरंभी बाकी येते. मोठ्या संख्येतून लहान संख्या जाईल तितक्या वेळा वजा करावी. जे उरेल ते लहान संख्येतून वजा करावे. असेच पुढे चालावे. शाळेत मसावि काढण्याची भागाकाराची रीत ती हीच.

समजा, पडवी २५२ अंगुळे लांब आणि १०५ अंगुळे रुंद आहे. एकही फरशी न फोडता बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशी केवढी? २५२ला १०५ने भागल्यास बाकी ४२. १०५ला ४२ने भागल्यास बाकी २१. ४२ला २१ने निःशेष भाग जातो. फरशी २१ अंगुळांची.

ही रीत पाठ होते. ती का चालते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. जे माप २५२ आणि १०५ या दोहोंना निःशेष भागते, ते १०५च्या दुपटीला, म्हणजे २१०लाही भागते. मग २५२मधून २१० गेल्यावर उरलेल्या ४२लाही त्याने भागलेच पाहिजे. उलट, १०५ आणि ४२ यांना भागणारे माप २५२लाही भागते. दोन मोठ्या संख्यांचे गुपित अशा रीतीने बाकीच्या हाती सोपवले जाते आणि प्रत्येक पायरीवर संख्या लहान होत जातात. वर्गात एवढे उमगले की पायऱ्या विसरल्या तरी मूल त्या पुन्हा रचू शकते.

आता पडवी एका अंगुळाने वाढवून २५३ करावी. बाक्या येतात ४३, १९, ५, ४ आणि १. एकवर येऊन थांबणाऱ्या अशा संख्यांना एकाखेरीज सामाईक माप नाही, हेच सातव्या अध्यायाचे पहिले प्रमेय. लांबी अंगुळभर वाढली आणि २१ अंगुळांची फरशी एका अंगुळाची झाली; गवंड्याने कपाळाला हात लावावा!