बरक्या फणसाची सांदणं



मे महिना सरत आला,
की कोकणात घरोघरी फणसाचा घमघमाट सुटतो.
कापा फणस नुसता खायला छान.
पण सांदणांसाठी बरकाच हवा.

हाताला आणि विळीला आधी खोबरेल लावा.
म्हणजे चीक चिकटत नाही.
गरे सोडवा, आठळ्या बाजूला काढा.
मग गरे चाळणीवर घासा.
धागे वर राहतात,
खाली दाट पिवळा रस उतरतो.

आता प्रमाण ऐका.
वाटीभर रसाला वाटीभर तांदळाचा रवा,
मंद आचेवर भाजलेला.
गूळ मात्र रस चाखून घाला.
फणस गोड असेल, तर अर्धी वाटी पुरे.
थोडं ओलं खोबरं, चिमूटभर मीठ.

मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा.
रवा रस पितो, फुगतो.
इथे घाई करू नका.
मग तूप लावलेल्या वाट्यांत भरून
साधारण 20 मिनिटं वाफवा.

गरम सांदण, त्यावर नारळाचं दूध.
बाजारातली कुठलीही मिठाई यापुढे फिकी!

पुन्हा सांगते,
सांदणांना फणस बरकाच घ्या.
काप्याचा असा रस निघत नाही.

आणि हो, आठळ्या टाकू नका.
धुऊन, वाळवून ठेवा.
पावसाळ्यात भाजीत घाला.