पेंग्विनांच्या बेटावर

आम्ही चौघे मित्र शाळेपासूनचे. चौघांनीही साठी ओलांडली, पेन्शनी सुरू झाल्या, तेव्हा एकदा कुठेतरी लांब जाऊन यायचे असे ठरले. आमच्यातल्या एकाची मुलगी मेलबर्नला असते, म्हणून ते लांबचे ठिकाण ऑस्ट्रेलियाच झाले. मित्रांची खरी नावे इथे सांगत नाही, सांगितलेली त्यांना आवडायची नाहीत. ज्याची मुलगी तिथे आहे तो मास्तर, दुसरा वकील आणि तिसरा खलाशी. खलाशाचा सारा जन्म बँकेत गेला, बोटीवर त्याने कधी नोकरी केली नाही. पण तो गुहागरचा. चालायला लागण्याआधी आपण पोहायला लागलो असं तो सांगतो आणि आम्ही ते ऐकून घेतो.

जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. मेलबर्नहून मोटारीने दीड-दोन तासांवर फिलिप आयलंड नावाचे बेट आहे. आता पूल असल्यामुळे बेटावर आलो हे कळतसुद्धा नाही. मुलगी मोटार चालवत होती. सकाळी तिने आम्हाला पूर्वेकडच्या केप वूलामाई इथल्या किनाऱ्यावर नेले. काय ती पुळण! आणि समोर समुद्र असा की मधे टास्मानिया सोडला तर पुढे थेट दक्षिण ध्रुवाकडचे बर्फच. पाणीही त्या बर्फाची आठवण करून देणारे. मी आणि वकील घोट्यापर्यंत गेलो आणि तेवढ्यावर समाधान मानले.

किनाऱ्यावर लाल-पिवळी दोन निशाणे रोवलेली होती. पोहायचे ते ह्या दोन निशाणांच्या मधेच, असे मुलीने बजावून सांगितले. तिथे लाटा धडाधड फुटत होत्या आणि माणसांची गर्दी होती. डाव्या अंगाला मात्र पाण्याचा एक गडद पट्टा होता. अगदी शांत, त्यावर लाट फुटतच नव्हती. खलाशी म्हणाला, "एवढं चांगलं पाणी सोडून ही माणसं इथं का रे दाटी करतात?" आणि गेला तिकडे.

त्याचं उत्तर आम्हाला नंतर कळलं. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोलगट वाट त्याला सापडते आणि तिथून ते नदीसारखं धावत समुद्रात जातं. पाणी तिथं खोल, म्हणून लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून नवख्याला ती जागा सुरक्षित वाटते. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. तिच्याशी झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, किंवा किनाऱ्याला समांतर पोहत त्या धारेतून बाजूला व्हावे. खलाशी झगडला. सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिला आणि दमला.

मग त्याने हात वर केला. आणि श्रोतेहो, सांगायला लाज वाटते, आम्हीही हात हलवला! आम्हाला वाटलं, गडी खुशीत आहे. मास्तरने तर टोपी काढून हलवली.

फळी घेऊन पाण्यात शिरली ती वीसएक वर्षांची एक मुलगी, डोक्यावर त्याच लाल-पिवळ्या रंगाची टोपी. शनिवार-रविवारी पहाऱ्याला असणारी ही मंडळी स्वयंसेवक असतात. तिने खलाशाला फळीवर पालथा घातला, किनाऱ्याला आणला, घोंगडीत गुंडाळला, आणि तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. ओरडली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं.

मोटारीत मास्तरच्या मुलीने एक हकीकत सांगितली. १७ डिसेंबर १९६७ रोजी त्या देशाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट ह्याच बाजूच्या, पोर्टसीजवळच्या समुद्रात पोहायला उतरले ते परत आलेच नाहीत. त्यांचा देहही सापडला नाही. समुद्रात पोहण्याचा त्यांना दांडगा सराव होता. हे ऐकूनही खलाशी काही बोलला नाही.

दुपारी कोआला पाहिले. कोआला म्हणजे अस्वल नव्हे, पिलाला पिशवीत वाढवणारा कांगारूच्याच गोतातला प्राणी. निलगिरीच्या पानांत सत्त्व थोडं, म्हणून दिवसाचे अठरा-वीस तास झोप. वकिलाला हा प्राणी फार आवडला. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला वॉलबी, म्हणजे कांगारूची धाकटी भावंडं, चरताना दिसल्या.

पण बेटाची खरी कीर्ती पेंग्विनांची. पश्चिमेच्या टोकाला पायऱ्यांवर आम्ही शेकडो माणसं अंधाराची वाट पाहत बसलो होतो. तिथे फोटो काढायला बंदी आहे. वकिलाने ह्या सहलीसाठी मुद्दाम घेतलेला कॅमेरा मांडीवर तसाच राहिला. हे पेंग्विन जगात सर्वांत लहान, उंची जेमतेम फूटभर, वजन किलोच्या आसपास. दिवसभर समुद्रात मासे धरायचे आणि काळोख पडला की जमिनीवरच्या बिळात परतायचे. बिळं कमी पडतात म्हणून माणसांनी त्यांच्यासाठी लाकडी खोकीही ठेवली आहेत.

ह्या टोकावर एकेकाळी माणसांची घरं होती, एक वसाहतच होती. मोटारी, कुत्री, कोल्हे ह्यांच्यामुळे पक्षी कमी होत चालले. तेव्हा १९८५ साली व्हिक्टोरियाच्या सरकारने तिथली सगळी घरं आणि जमिनी विकत घेऊन माणसांना हलवायचं ठरवलं. ते काम पुरं व्हायला २०१० साल उजाडलं. घरं पाडून तिथे पुन्हा झाडोरा लावला. पाखरांसाठी माणसांचं गाव उठवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

काळोख झाला आणि फेसातून एक ठिपका उभा राहिला. मग दुसरा. पांढरी पोटं चमकली. पण ती पुढे येईनात. उघडी वाळू ओलांडताना त्यांना शत्रूचं भय असतं. चार-पाच जण उभे राहत, इकडेतिकडे बघत आणि पुन्हा पाण्यात पळत. दहा-बारा जमले तेव्हा सगळे एकदम निघाले, झुलत, धडपडत. एक मागे राहिला, तर पुढचे दोघे थबकले. ते त्याच्यासाठी थांबले की दम खायला, हे शास्त्रज्ञांनी सांगावं. माझ्या शेजारी मास्तर मात्र एकाएकी खलाशाच्या खांद्यावर हात ठेवून बसला आणि शेवटचा पक्षी झुडपात शिरेपर्यंत त्याने तो काढला नाही.

परतताना मोटारतळावर पाटी होती: गाडी सुरू करण्यापूर्वी खाली पेंग्विन नाही ना, हे पाहा. मुलगी वाकणार तोच खलाशी पुढे झाला. दिवसभराने ठणकणाऱ्या अंगाने तो गुडघ्यांवर टेकला, चारही चाकांमागे नीट डोकावला आणि म्हणाला, "कोणी नाही. चला आता."