फैजपूरचा पाहुणचार



खानदेशातील फैजपूर या गावाचे नाव शाळेच्या इतिहासात एका ओळीपुरते येते. राष्ट्रसभेचे अधिवेशन खेड्यात प्रथम कोठे भरले, असा प्रश्न. फैजपूर, १९३६, असे उत्तर. एवढे लिहिले की एक गुण पदरात पडतो आणि फैजपूर विद्यार्थ्याच्या आयुष्यातून कायमचे नाहीसे होते. मीही तो गुण मिळविला होता. पुढे पुष्कळ वर्षांनी भुसावळहून त्या बाजूस जाण्याचा योग आला. तापी ओलांडली, उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग दिसू लागली, रस्त्याच्या दोन्ही अंगांस केळीच्या बागा लागल्या, आणि आपण ज्या गावाच्या नावावर गुण मिळविला त्याच्याविषयी आपणास काहीही ठाऊक नाही, याची मला थोडी लाज वाटली. परत आल्यावर मिळेल ते वाचून काढले. त्या वाचनातून जे मनात आले ते आज आपणांपुढे ठेवतो. ते सर्वांस रुचेलच असे नाही.

तेव्हाचे फैजपूर अगदी कोपऱ्यातले खेडे नव्हते, बाजारपेठेचे गाव होते. तरीही लखनौ आणि मुंबई यांच्या मानाने ते खेडेच. १९३६ च्या एप्रिलात लखनौस अधिवेशन झाले होते; त्याच वर्षाच्या डिसेंबरात, २७ व २८ तारखांना, पन्नासावे अधिवेशन येथे भरले. दोन्ही अधिवेशनांचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. राष्ट्रसभेने शहर सोडून खेड्यात जावे, हा आग्रह महात्मा गांधींचा. शेतांत वसविलेल्या त्या नगरास टिळकनगर असे नाव दिले होते. शोभेचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांजकडे सोपविले होते, आणि त्यांनी बाहेरून काही न आणता बांबू, चटया, गवत अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून कमानी आणि मंडप उभे केले. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून न निघता बैलांच्या रथातून निघाली. खादी व ग्रामोद्योग यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन २५ तारखेस गांधींनी केले. साने गुरुजी या अधिवेशनासाठी खानदेशात गावोगाव हिंडले होते. ध्वजारोहणाच्या वेळी निशाण वर जाता जाता अडकले, आणि शिरपूरकडील एका तरुणाने त्या उंच खांबावर चढून ते मोकळे केले. ही हकीकत त्या भागात अजून आवडीने सांगतात, आणि सांगण्यासारखी आहेच.

परंतु आपल्या लक्षात राहिले ते एवढेच: बांबूच्या कमानी, बैलांचा रथ, निशाण. एखाद्या घरी लग्न होऊन जावे आणि पुढे केवळ मांडवाची व जेवणाची चर्चा उरावी, तसे हे झाले आहे. ज्या कामासाठी मंडळी जमली होती ते काम काय होते?

दोन गोष्टी सांगतो. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या. तो कायदा अमान्य करून, हिंदुस्थानची राज्यघटना हिंदी लोकांनीच, प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीत बसून करावी, अशी मागणी फैजपुरास ठासून मांडण्यात आली. दुसरी गोष्ट शेतकऱ्यांविषयीची. सारा व खंड कमी करावा, ज्या जमिनीवर पोट भरत नाही तिला त्यांतून मुक्त करावे, कर्जाचा बोजा हलका करावा, वेठ बंद व्हावी, कुळाला जमिनीवर कायम हक्क मिळावा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, असा १३ कलमांचा कार्यक्रम तेथे संमत झाला. त्याच सुमारास फैजपुरास प्राध्यापक रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचेही अधिवेशन झाले, आणि त्यासाठी सुमारे ५०० शेतकरी मनमाडहून पायी चालत आले होते. त्यांना मी पाहुणे म्हणणार नाही. ते आपले गाऱ्हाणे घेऊन आले होते.

पुढे काय झाले? कुळांच्या बाबतीत पुष्कळ झाले, हे कबूल केले पाहिजे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाटीचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारा मालक झाला. निदान कागदोपत्री झाला. एका कलमाची मात्र आठवण कोणी काढीत नाही. एक किमान मर्यादा सोडून शेतीच्या उत्पन्नावरही इतर उत्पन्नाप्रमाणे चढता प्राप्तिकर बसवावा, असे त्या कार्यक्रमात म्हटले होते. लहान शेतकऱ्यास त्याची झळ लागली नसती. मोठ्यास लागली असती. मोठ्या शेतकऱ्याचा आवाज लहानाच्या तोंडून कसा बोलतो, हे पाहावयाचे असेल तर त्या एका कलमाचे काय झाले ते पाहावे.

घटना समितीची कथा याहून विलक्षण. ती १९४६ साली अस्तित्वात आली खरी, पण प्रौढ मताधिकाराने नव्हे. प्रांतिक कायदेमंडळांनी ती निवडली, आणि त्या कायदेमंडळांचा मतदार मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींनी वेचलेला होता. म्हणजे टिळकनगरच्या मांडवासाठी ज्याने बांबू वाहिले त्या मजुराला घटना करणाऱ्यांच्या निवडीत बहुधा मत नव्हते. त्या समितीने प्रत्येक प्रौढास मत दिले, हा तिचा मोठेपणा. पण ग्रामपंचायतींची गोष्ट आली तेव्हा ती ४० व्या अनुच्छेदात, ज्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही अशा मार्गदर्शक तत्त्वांत, ठेवून दिली.

येथे डॉ. आंबेडकरांचा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या गुणगानावर कठोर टीका केली आणि खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्याला गावकुसाबाहेर राहावे लागले त्याला गावाच्या सत्तेचे भय वाटावे, यात नवल ते काय? शहरात बसून खेड्याची चित्रे काढणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षा त्यांना खेडे अधिक ठाऊक होते. माझे म्हणणे इतकेच, की त्या आक्षेपास उत्तर मिळाले, फक्त ते फार उशिरा मिळाले. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायती व नगरपालिका यांची मुदत पाच वर्षांची ठरली, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक झाले, अनुसूचित जातीजमातींसाठी आणि स्त्रियांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. गावाची सत्ता पाटलाच्या ओसरीवरून उठून सभागृहात आली, आणि ज्यांना ओसरीवर बसण्याची मुभा नव्हती त्यांना तेथे खुर्ची मिळाली.

ही खुर्चीच आमच्या राज्याने कित्येक वर्षे रिकामी ठेवली! २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिका, जिल्हा परिषदा व नगरपालिका यांच्या मुदती संपल्या. आरक्षणाचा वाद, प्रभागांची रचना, न्यायालयातील तारखा या कारणांनी निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा हालचाल सुरू झाली. मुंबईसारख्या शहरास तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. वाद खरे होते, हे मी नाकारीत नाही. परंतु विधानसभेची मुदत संपली आणि तीन वर्षे निवडणूकच झाली नाही, असे कोणी खपवून घेतले असते काय?

त्या काळात आमच्या गल्लीतील गटार तुंबले. मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तेथील कारकून सज्जन होता, त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, अर्ज ठेवून जा, पण पूर्वी नगरसेवक पाठीस लागत असत म्हणून कामे होत. आता आम्हांला विचारणारे कोणी नाही." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. उलट, मला वाटते, थोडे वाईटच वाटत होते त्याला.

हे मी घरी आणि स्नेह्यांच्या बैठकीत सांगितले. सुशिक्षित मंडळी होती. एक गृहस्थ म्हणाले, "बरेच झाले की, राजकारण तरी थांबले." दुसरे म्हणाले, प्रशासक शिकलेला असतो. १९३६ साली इंग्रज कलेक्टरही शिकलेलाच होता, हे माझ्या ओठांवर आले होते. पण चहा पुढे आला आणि मी ते गिळले. आता नभोवाणीवर बोलून टाकतो. आमच्या वर्गाला खेडे आवडते ते प्रदर्शनात. बांबूची कमान आवडते, हुरडा आवडतो. सरपंच झालेली शेतमजूर बाई भर सभेत हिशेब विचारू लागली की मात्र आम्हांला राजकारणाचा वीट येतो. निवडणूक लांबली की पहिली खुर्ची तिची जाते. बड्या माणसाला खुर्चीवाचूनही साहेबांच्या दालनात प्रवेश असतो. तिला नसतो.

परवा मी घरातील मंडळींना एक साधा प्रश्न विचारला: आपल्या प्रभागाच्या सभासदांची मुदत कोणत्या तारखेस संपते? पंतप्रधानांच्या परदेशच्या दौऱ्याची तारीख एकाने सांगितली, क्रिकेटच्या सामन्याची दुसऱ्याने. मी विचारलेली तारीख मला धरून कोणासही सांगता आली नाही. मग मी कचेरीत जाऊन ती विचारून आलो आणि दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवली आहे.