शेजार गेला, खिडकी उरली

‘घरोघरीं मातीच्या चुली’ ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारली, त्यानें शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरांत एकदां तरी डोकावून पाहिलें असलें पाहिजे. दुसऱ्याच्या घरांत चूल पेटते कीं नुसती धुमसते, हें जाणण्याची इच्छा मनुष्यस्वभावांत फार जुनी आहे. पुण्याच्या वाड्यांतील चौकामुळें आणि मुंबईच्या चाळींतील सामाईक गॅलरीमुळें ही इच्छा पिढ्यान्‌पिढ्या विनासायास तृप्त होत आली. एका बिऱ्हाडांत शब्दाला शब्द लागला, कीं पलीकडच्या बिऱ्हाडांत भांड्यांचा आवाज आपोआप थांबे आणि कान भिंतीकडे वळत. परंतु त्याच चाळींत, भांडण हातघाईवर आलें कीं एकादें वडीलधारें माणूस दाराची कडी वाजवी. आणि दुसऱ्या दिवशीं त्या घरांत चूल पेटली नाहीं, तर शेजारणीच्या पदराआडून भाकरी येई. पाहणें आणि धांवून जाणें या दोन्ही गोष्टी तेथें जोडीनें नांदत. दुसरीला मराठींत शेजारधर्म असें नांव आहे.

आतां पुष्कळ वाडे पडले आहेत, अनेक चाळींच्या जागीं उत्तुंग इमारती उभ्या आहेत, आणि शेजाऱ्याचें नांव दारावरील पाटीवरून कळतें. दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र रोज रात्रीं एक परकें घर उघडतें, आणि त्यांतील रुसवे-फुगवे व कानगोष्टी घरचीं सारीं माणसें जेवतां जेवतां पाहतात. या प्रकाराला ‘रिॲलिटी शो’ म्हणतात. म्हणजे वास्तवाचा खेळ. हे दोन शब्द एकमेकांना छेद देणारे आहेत, आणि या प्रकाराचें सारें रहस्य त्या विसंगतींत आहे. नाटकांत नटानें कोठें रडावें हें ठरलेलें असतें. येथें रडणारें माणूस स्वतःच्या नांवानें आणि स्वतःच्या दुःखानें रडत आहे, असा प्रेक्षकाचा समज असतो. हा समज कितपत खरा, आणि त्या रडणाऱ्याशीं प्रेक्षकाचें नातें कोणतें, हे दोन प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

त्यांच्या उत्तरासाठीं या प्रकाराच्या आरंभकाळाकडे, अमेरिकेंतील एका घराकडे जावें लागतें. गुप्त कॅमेऱ्यानें लोकांची फजिती टिपणारा कार्यक्रम त्या देशांत १९४८ पासूनच होता. पण तो घटकाभर करमणुकीचा मामला. एका कुटुंबाचें नित्याचें जीवन महिनोन्‌महिने टिपण्याची कल्पना क्रेग गिल्बर्ट या निर्मात्याची. कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा या समुद्रकांठच्या शहरांत बिल आणि पॅट लाउड हें दांपत्य आपल्या पांच मुलांसह राहत असे. १९७१ च्या मे महिन्याच्या अखेरीस ॲलन आणि सुझन रेमंड हें दुसरें एक दांपत्य, तो कॅमेरा व ती ध्वनियंत्र सांभाळणारी, लाउड कुटुंबाच्या घरीं येऊं लागलें. सुमारें सात महिन्यांत तीनशें तासांचें चित्रण झालें. त्यांतून तासातासाचे बारा भाग सिद्ध झाले, आणि ११ जानेवारी १९७३ पासून ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ या नांवानें ते अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दिसूं लागले. सुमारें एक कोटी लोक ते पाहत.

काय पाहिलें या लोकांनीं? सुखवस्तु घर, अंगणांत पोहण्याचा तलाव, मुलांचीं गाणींबजावणीं. आणि त्या सुखाला हळूहळू जाणारा तडा. थोरला मुलगा लान्स समलिंगी होता आणि तें लपविण्याची त्याला गरज वाटत नव्हती. आईबापांमध्यें दुरावा वाढत होता. शेवटीं प्रवासाहून परतलेल्या बिलच्या हातीं पॅटनें आपल्या वकिलाचें कार्ड दिलें आणि त्याला घराबाहेर पडण्यास सांगितलें. वीस वर्षांहून अधिक काळाचा संसार मोडल्याचें दृश्य एका देशानें आपापल्या घरांत बसून पाहिलें. मार्गारेट मीड या विख्यात मानवशास्त्रज्ञ विदुषीनें या मालिकेचें महत्त्व नाटक आणि कादंबरी यांच्या जन्माच्या तोडीचें मानलें. खुद्द लाउड कुटुंब मात्र व्यथित झालें. भांडणांना जागा मिळाली आणि आनंदावर कात्री चालली, असें त्यांचें म्हणणें होतें.

तीनशें तासांतून बारा तास, म्हणजे शंभरांतून चार. या निवडीला कोणी असत्य म्हणूं शकणार नाहीं. पडद्यावर आलेली प्रत्येक घटना घडलेली होती. परडींतील पांढरीं फुलें बाजूला ठेवून तांबडींच तेवढीं ओवलीं, तर हार तांबडा होतो, आणि त्यांतील एकहि फूल कागदी नसतें. वास्तवाच्या खेळांतील खरा लेखक हा असा कात्री धरून बसलेला असतो. संवाद लिहिण्याची त्याला गरज नसते. कोणता संवाद राहूं द्यावा एवढेंच तो ठरवितो. आणि एकाचें वाक्य संपल्यावर दुसऱ्याचा कोणता चेहरा दाखवावा, हें ठरवितांच साध्या वाक्याचा टोमणा होतो.

हें सारें ठाऊक असूनहि लोक पाहतात, आणि आवडीनें पाहतात. प्रेक्षक भोळा असतो हें त्याचें कारण नव्हे. कॅमेऱ्यापुढें माणूस सांवरून बसतो हें घरांतील लहान मुलालाहि समजतें. म्हणूनच तो सांवरलेपणा सुटण्याच्या क्षणाची सारे वाट पाहत असतात. शंभर ठेवणींतल्या हास्यांनंतर एकादा चेहरा क्षणभर उतरतो, ओठ थरथरतो, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं, खरें माणूस सांपडलें! हा आनंद शिकाऱ्याच्या आनंदासारखा आहे. दुसरें आकर्षण समाधानाचें. तलाव असलेल्या घरांतहि नवराबायकोचें पटत नाहीं, हें पाहून आपल्या ओढाताणीच्या संसाराचा भार थोडा हलका होतो. तिसरें आकर्षण न्यायदानाचें. कचेरींत ज्याचें कोणी ऐकत नाहीं आणि घरींहि ज्याचा शब्द शेवटचा नसतो, असा गृहस्थ पडद्यापुढें बसला कीं न्यायाधीश होतो. अमुक बाई कारस्थानी, तमका मुलगा सरळ. साक्षीपुरावा डोळ्यांपुढें, आणि अपील कोठेंच नाहीं!

या तिसऱ्या आकर्षणाचें मोल जॉन दि मोल या डच निर्मात्यानें नेमकें ओळखलें. सप्टेंबर १९९९ मध्यें हॉलंडांत त्याचा ‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम सुरू झाला. नांव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कादंबरींतून घेतलेलें. तींतील माणसें अष्टौप्रहर पाहणाऱ्या सत्तेच्या डोळ्याला भिऊन असतात. या कार्यक्रमांत लोक त्या डोळ्यापुढें आपण होऊन येऊन बसले. लाउड कुटुंबाचें घर कॅमेरा येण्यापूर्वीं होतें आणि तो गेल्यावरहि राहणार होतें; हें नवें घर पाहण्यासाठींच बांधलेलें. परक्या माणसांना त्यांत शंभराहून अधिक दिवस कोंडावयाचें, बाहेरची वार्ता येऊं द्यावयाची नाहीं, त्यांचा शिधा त्यांच्या कामगिरीवर ठरवावयाचा, आणि मग ठिणगी पडण्याची वाट पाहावयाची. कोणाला बाहेर काढावें याचा कौल प्रेक्षकांनीं द्यावयाचा. गॅलरींत उभें राहून ऐकणाऱ्याच्या हातीं आतां शेजाऱ्याला घराबाहेर काढण्याचा अधिकार आला.

हा सांचा पुढें अनेक देशांत गेला. हिंदींत ‘बिग बॉस’ या नांवानें तो नोव्हेंबर २००६ मध्यें आला, आणि मराठींत एप्रिल २०१८ मध्यें. हिंदी कार्यक्रम सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तोंच जानेवारी २००७ मध्यें इंग्लंडांतील अशाच एका घरांत मुंबईची चित्रपटतारका शिल्पा शेट्टी राहावयास गेली. तेथें जेड गुडी आणि तिच्या दोन सोबतिणी यांनीं तिच्या उच्चारांची, तिच्या हातच्या स्वयंपाकाची आणि तिच्या देशाची टवाळी चालविली. तें पाहून ऑफकॉम या ब्रिटिश नियामक संस्थेकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाला. पाटण्यास निर्मात्यांचे पुतळे जळाले. शिल्पा आणि जेड यांपैकीं एकीला काढण्याची वेळ आली, तेव्हां शंभरांतील ब्यायशीं मतें जेडच्या विरुद्ध पडलीं, आणि अखेरीस शिल्पा विजयी झाली. या वेळीं प्रेक्षक नुसता पाहत बसला नाहीं. चाळींतील वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें त्यानें दाराची कडी वाजविली.

पण जेडचें काय? ती लंडनच्या एका गरीब वस्तींतली, दंतवैद्याच्या हाताखालीं काम करणारी मुलगी. २००२ मध्यें प्रथम त्या घरांत आली, तेव्हां तिच्या अज्ञानाची आणि अंगलटीची वर्तमानपत्रांनीं यथेच्छ थट्टा केली. मग त्याच अज्ञानाचें लोकांना कौतुक वाटलें आणि ती श्रीमंत झाली. २००७ मध्यें ती सर्वांच्या तिरस्काराचा विषय बनली. ऑगस्ट २००८ मध्यें ती हिंदी ‘बिग बॉस’च्या घरांत आली, त्या वर्षीं त्या कार्यक्रमाचें सूत्रसंचालन शिल्पा शेट्टीकडेच होतें. थोड्याच दिवसांत, त्या घरांत असतांनाच, जेडला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचें कळलें आणि ती मायदेशीं परतली. शेवटचे महिनेहि तिनें कॅमेऱ्यापुढेंच काढले. आपल्या दोन लहान मुलांसाठीं पैसा मागें ठेवावा, हा हेतु तिनें उघड बोलून दाखविला होता. २२ मार्च २००९ रोजीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तिचा अंत झाला. तिच्या आजारामुळें इंग्लंडांत या रोगाच्या तपासणीसाठीं येणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय वाढली, ही गोष्टहि नमूद केली पाहिजे. त्या पाहण्यांतून कांहीं जीव वांचले असतील. तरी सात वर्षांत एकाच मुलीला विदूषक, लाडकी, खलनायिका आणि करुणेचें पात्र अशा चार भूमिका मिळाल्या, आणि प्रत्येक वेळीं प्रेक्षकाला वाटलें कीं, हीच खरी जेड.

येथेंच या प्रकाराची मर्यादा दिसते. चाळींतल्या भांडखोर बाईची दुसरी बाजूहि शेजाऱ्यांना ठाऊक असे. ती तोंडानें तिखट, पण बाळंतिणीच्या उशाशीं रात्र जागविणारी, हें त्यांनीं पाहिलेलें असे. शंभरांतले शंभर भाग त्यांच्या वांट्याला येत, म्हणून त्यांच्या न्यायाला दयेची जोड मिळे. शिवाय पाहणारा स्वतःहि पाहिला जात असे. आज त्याच्या घरांतला आवाज उद्यां पलीकडे ऐकूं जाणार, हें भान त्याची जीभ आंवरून धरी. पडद्यापुढील प्रेक्षकाला चार भागांवर निवाडा द्यावा लागतो, आणि त्याला कोणी पाहत नाहीं. इंग्लंडांत २०१९ मध्यें कौटुंबिक कलह चव्हाट्यावर मांडणाऱ्या एका कार्यक्रमांत भाग घेतलेल्या माणसाचा मृत्यू झाला, तेव्हां तो कार्यक्रम कायमचा बंद करण्यांत आला. आणि भाग घेणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची योग्य काळजी निर्मात्यांनीं घ्यावी असे नियम ऑफकॉमनें एप्रिल २०२१ पासून लागू केले. जो शेजारधर्म पूर्वीं सांगावा लागत नसे, तो नियमांच्या पुस्तकांत लिहावा लागला.

लाउड कुटुंबाची कथा मात्र बाराव्या भागाशीं संपली नाहीं. रेमंड दांपत्यानें त्या घराशीं संबंध तोडला नाहीं. पुढें लान्स असाध्य रोगानें अंथरुणाला खिळला, तेव्हां त्यानेंच त्यांना बोलावून घेतलें आणि आपले अखेरचे दिवस टिपण्यास सांगितलें. डिसेंबर २००१ मध्यें तो वारला. आईबापांनीं पुन्हां एकत्र राहावें अशी त्याची इच्छा होती. वकिलाचें तें कार्ड हातीं पडल्याला तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. पण त्यानंतर बिल आणि पॅट पुन्हां एका घरांत राहूं लागले. २०१८ मध्यें बिल गेला, २०२१ मध्यें पॅट. कोट्यवधि लोकांनीं ज्यांचा संसार मोडतांना पाहिला, तीं दोघें उतारवयांत सकाळचा चहा एकत्र कसा घेत, हें कोणत्याहि कॅमेऱ्यानें रोज टिपलें नाहीं. मोडणें दाखविण्याजोगें होतें. सांधणें सावकाश, आवाज न करतां झालें.

वास्तवाचा खेळ पाहूं नये, असा उपदेश कोणी केला तर तो व्यर्थ जाईल. चुलीकडे डोकावण्याची इच्छा म्हणीइतकीच जुनी आहे आणि तिच्यांत लाज वाटण्याजोगें फारसें नाहीं. पडद्यावरचें माणूस ढसढसां रडूं लागेल, तेव्हां ‘नाटक करते मेली’ असें म्हणण्यापूर्वीं पाहणाऱ्यानें न दाखविलेल्या शहाण्णव भागांची आठवण ठेवावी, एवढें पुरे. आणि कार्यक्रम संपून पडदा काळा झाल्यावर भिंतीपलीकडून, खरोखरीच्या शेजारच्या घरांतून कोणाच्या रडण्याचा आवाज आला, तर उठून त्या दाराची कडी वाजवावी. तेथें कौल मागणारें कोणी नसतें. दार उघडणारें माणूस मात्र असतें.